एमएसडब्ल्यू करायचं ठरवलंय? विदर्भातल्या खेड्यांतून येणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत मला फोन येतात. आर्णी, मूल, धारणी, रिसोड, कुठून कुठून. "सर, बीए झालं. एमएसडब्ल्यू करू का? नोकरी लागते का?" फोन करणारी बहुतेक मुलंमुली कास्तकाराच्या नाहीतर मजुराच्या घरची असतात. मीही तशाच घरातला. यवतमाळ जिल्ह्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर. मी नेमकं काय शिकलो हे आमच्या बाबांना नीट सांगता यायचं नाही. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "पोरगा समाजकल्याणात आहे."

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. तिच्याबद्दलचं सगळं फोनवर मावत नाही, म्हणून क्रमाने लिहितो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या शिक्षणात वर्गापेक्षा फिल्डवर्क मोठं. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुम्ही वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात नाहीतर एखाद्या संस्थेत असता आणि त्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवसाचा अहवाल, वहीत लिहिता. कॉलेज निवडताना, पैशांची जुळवाजुळव करताना, पुढे मुलाखतीला बसतानाही या दोन दिवसांचाच विचार करा.

पहिली पायरी: आपण काय शिकायला चाललोय

विदर्भाला सेवेची परंपरा कोणी शिकवायला नको. गाडगेबाबांचा झाडू, तुकडोजी महाराजांचं मोझरीचं गुरुकुंज, १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी उभं केलेलं आनंदवन, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे घरचे लोक विचारतात, "सेवेला डिग्री कायले पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. सेवेला डिग्री लागत नाहीच.

समाजकार्य हा व्यवसाय म्हणून शिकवायला आपल्या देशात १९३६ मध्ये मुंबईत सुरुवात झाली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही ती संस्था, आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). अभ्यासक्रमात सहा पद्धती शिकवतात: व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती. नावं जड वाटतात. एका उदाहरणात पाहा. दारूने पोखरलेल्या घरातल्या एका बाईशी बोलून तिला तिचा निर्णय तिनेच घ्यायला मदत करणं, ही पहिली पद्धत. तशाच दहा बायांचा गट बांधणं ही दुसरी. अख्ख्या गावाने ग्रामसभेत बसून दारूबंदीचा ठराव घेणं, ही तिसरी. गावात राहणाऱ्याला हे तिन्ही प्रसंग माहीत असतात. कुठे कोणतं वापरायचं आणि आपण मध्ये किती पडायचं, हे शिकावं लागतं.

वकिलाला लागते तशी सनद समाजकार्यकर्त्याला सरसकट लागत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मात्र मनोविकार आणि वैद्यकीय क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आलेले आहेत. दवाखान्याच्या बाजूला जायचं मनात असेल तर हा कायदा आतापासून वाचायला घ्या.

दुसरी पायरी: निकालाची वाट बघू नका

इथे आपली मुलं हमखास मागे पडतात. टिससारख्या संस्थांचं दार सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून उघडतं. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. म्हणजे तुम्ही शेवटच्या वर्षाला असता, घरी कापसाची वेचणी चालू असते, आणि तेव्हाच अर्ज भरायचा असतो. जूनमध्ये निकाल हातात घेऊन चौकशी करणाऱ्याला ते वर्ष गेलेलं असतं. नोव्हेंबर लागला की आठवड्यातून एकदा संकेतस्थळ उघडून बघायची सवय ठेवा.

विदर्भातल्या विद्यापीठांचे प्रवेश बहुधा निकालानंतर होतात, त्यामुळे तिथे थोडी उसंत मिळते. कागदपत्रांना मात्र उसंत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं शपथपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. सगळ्यांत वेळखाऊ काम जातवैधतेचं. आजोबा-पणजोबांचा जुना दाखला किंवा महसुली नोंद शोधण्यात महिने जातात. भटक्या आणि आदिवासी जमातींच्या मुलांना तर जुना कागद सापडणंच मुश्कील असतं. त्यामुळे पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच अर्ज करा. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं वर्ष फक्त या एका कागदापायी गेलं. गुण तिचे माझ्यापेक्षा चांगले होते.

तिसरी पायरी: कॉलेज

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत तीन विद्यापीठं वाटली गेली आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे नागपूर विद्यापीठात. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे अमरावती विद्यापीठात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात. नागपुरात तिरपुडे कॉलेज आणि मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था या जुन्या, यवतमाळात सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही एमएसडब्ल्यू होतं. बाहेर पडायची तयारी असेल तर टिसचं तुळजापूर केंद्र ग्रामीण प्रश्नांवर भर देतं, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास विषयाची एमए आहे आणि तिथे घरची ऐपत बघून शुल्कात मोठी सवलत मिळते.

इमारत बघून कॉलेज ठरवू नका. प्रवेशाआधी एकदा जाऊन दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा: फिल्डवर्कला कुठे पाठवतात? मार्गदर्शक शिक्षक एजन्सीत, म्हणजे फिल्डवर्कच्या संस्थेत, कधी येऊन बघतात का? आयसी, म्हणजे एकेकट्याला बसवून अहवालावर घेतलेली चर्चा, दर आठवड्याला होते की सत्राच्या शेवटी सह्या घेतात? ग्रामीण शिबिर किती दिवसांचं असतं आणि मुलं गावात मुक्कामाला राहतात की संध्याकाळी गाडीने परततात? नाव मोठं असून या प्रश्नांची उत्तरं पडेल आवाजात येत असतील, तर लहान गावातलं पण मन लावून फिल्डवर्क घेणारं कॉलेज मी निवडेन.

माध्यमाची काळजी करणारे बरेच असतात. आपल्याकडे मराठीत पेपर लिहिता येतात, आणि माणसांशी काम मराठीत, वऱ्हाडीत, झाडीबोलीतच होतं. पण पुढे प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत मागतात, हेही तितकंच खरं. मी दोन वर्षं रोज रात्री त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमधला एक परिच्छेद इंग्रजीत उतरवत होतो. चुकत होतो, तरी लिहीत होतो. क्लासपेक्षा मला त्याचाच उपयोग जास्त झाला.

चौथी पायरी: पैसे

शुल्काची मोठी बाजू महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा तुमच्या प्रवर्गाची योजना उचलते. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांनी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

अडचण एकच, पैसा उशिरा येतो. दिवाळीनंतर, कधी वर्ष संपल्यावर. फिल्डवर्कला मात्र जुलै-ऑगस्टपासून एसटीचं भाडं, डबा, झेरॉक्स सुरू होतं. दोन दिवसांच्या भाड्यापायी मुलं फिल्डवर्क बुडवतात आणि घरी बसून खोटे अहवाल लिहितात, हे मी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या चार महिन्यांच्या प्रवासाचे पैसे आधीच बाजूला काढा. घरी सांगून ठेवा की कापसाच्या चुकाऱ्यातले एवढे याच्यासाठी. एसटीचा सवलतीचा पास निघतो का ते कॉलेजच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

पाचवी पायरी: फिल्डवर्क

इथे मी जरा थांबणार आहे.

दुसऱ्या सत्रात मला पांढरकवड्याच्या बाजूची काही गावं मिळाली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जायचं, कुटुंबाची माहिती घ्यायची, योजना सांगायच्या. पहिल्याच घरी काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "लिवून घ्या बाबू. मागच्या सालीबी एक पोरगी लिवून घेऊन गेली होती."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय, आलीच नाही."

मीही लिहून घेतलं. जमीन किती, कर्ज किती, लेकरं किती, प्रकरण पात्र की अपात्र. तेव्हा आमच्या भागात हे दोन शब्द लहान पोरांनाही माहीत होते. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाखाची मदत, आणि अपात्र ठरलं तर त्या माणसाचं मरणही जणू खोटं ठरल्यासारखं. या घराचं प्रकरण अपात्र होतं. मी चार पानं नीटनेटकी लिहून आयसीला नेली.

मार्गदर्शक मॅडमनी पानं वाचली आणि एकच विचारलं, "त्यांच्या घरात तुम्ही कुठे बसलात?"

मी घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसलो होतो. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. सासूबाई आत चुलीजवळ होत्या आणि माझ्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आतून त्याच देत होत्या. यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "उत्तरं सासू देतेय, म्हणजे अडलंय तिथेच. पुढच्या वेळी खाली बसा, चुलीजवळ."

पुढच्या आठवड्यात मी खाली बसलो. तिसऱ्या भेटीत सासूबाई बोलल्या. सातबाऱ्यावर वारसांचा फेरफार झाला नव्हता, कारण त्यांनीच तो होऊ दिला नव्हता. सून तरुण, उद्या दुसरं घर केलं तर वावर जाईल, नातवंडं जातील, ही त्यांची भीती. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांचा मुलगा गेला होता. योजनांची यादी वाचून ही गाठ सुटली नसती. आम्ही तिघं तलाठ्याकडे गेलो, नातवंडांचीही नावं वारस म्हणून लागतात हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अपात्र प्रकरण काही पात्र झालं नाही. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा आणि लेकरांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज मात्र गेला. बालसंगोपनाचा पहिला पैसा यायला आठ महिने लागले.

यातून मी रेकॉर्डिंग कसं लिहायचं ते शिकलो. तुम्हीही असं करून बघा. परत येताना एसटीतच चार-पाच शब्दांच्या खुणा टिपून ठेवा, समोरच्यासमोर वही उघडू नका. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय दिसलं, कोण काय बोललं (त्यांच्याच शब्दांत, वऱ्हाडी तर वऱ्हाडीच), आणि तुम्हाला काय वाटलं. तिसरी गोष्ट पहिलीत मिसळू देऊ नका. "कुटुंब आळशी आहे" हे निरीक्षण नाही. "मी दुपारी दोनला गेलो तेव्हा पुरुष घरी झोपले होते" हे निरीक्षण आहे, आणि मग कळतं की रात्री ओलिताला वीज असते म्हणून ते पहाटेपर्यंत वावरात होते.

मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, केळापूर-झरीकडे कोलामी बोलणारी माणसं भेटतील. पन्नास-साठ शब्द तरी शिकून जा. दुभाषा लागला तर गावातली अंगणवाडी सेविका उत्तम. सरपंचाच्या माणसाला सोबत घेतलं की लोक वेगळं बोलतात. गावात पाणी कुठल्या मोहल्ल्यात पिता, जेवता कुणाकडे, हेही लोक बघत असतात. पहिल्या दोन-तीन भेटींतच गावाच्या सगळ्या बाजूंना जाऊन बसून घ्या, बुद्धविहारात, पारधी बेड्यावर, पाटलाच्या ओट्यावर. उशीर केला की तुम्ही कोणत्या तरी एका बाजूचे ठरता.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत चूक चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या लेकराची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना सांगा, एकट्याने निस्तरायला जाऊ नका. दुसरं, फोटो. दुःखात बसलेल्या माणसाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. एजन्सीने मागितला तरी आधी त्या माणसाला विचारा.

तुमच्यापैकी काहींच्या स्वतःच्या घरात असं मरण झालेलं असेल. वर्गात तो विषय निघाला की घशात आवंढा येतो, फिल्डवर एखादं घर आपल्याच घरासारखं दिसतं. शिक्षकांना हे आधी सांगितलं तर चांगला शिक्षक सुरुवातीला वेगळी प्लेसमेंट, म्हणजे फिल्डवर्कची वेगळी जागा, देतो. आणि रात्री कुणाशी बोलायलाच नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सरकारी आहे, फुकट आहे.

सहावी पायरी: दुसरं वर्ष

स्पेशलायझेशन कोणतं घ्यावं यावर मुलं फार डोकं शिणवतात. पहिल्या वर्षाच्या वह्या काढून वाचा. कोणत्या दिवसांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय ते आपोआप दिसतं.

ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे शेवटचा सलग महिना, मात्र डोळसपणे मागून घ्या. आपल्या भागात शिकायला जगभरातून लोक येतात. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च ही आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत तिथे उभी राहिली आणि आज आशा ताई देशभर ते काम करतात. हेमलकशाला १९७३ पासूनचा लोक बिरादरी प्रकल्प आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय विद्यार्थ्यांना गावात मुक्कामी पाठवतं, ते कसं चालतं हेही बघण्यासारखं आहे. अर्ज तीन-चार महिने आधी करा. पावसाळ्यात भामरागडची वाट धरू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तुम्ही अडकता.

लघुशोधप्रबंधाचा विषय जवळचा घ्या. "ग्रामीण महिलांच्या समस्या" असला विषय घेऊन काही हाती लागत नाही. "आमच्या तालुक्यात सिकलसेल असलेल्या मुलांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळायला किती चकरा पडतात" हा विषय घेतला तर चाळीस घरं फिरून खरी माहिती येते. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार दिव्यांगत्वात धरला आहे, पण गावात ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

शिकवण्याकडे ओढा असेल तर नेट किंवा महाराष्ट्राची सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्या. दोन पेपर, पहिला ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

सातवी पायरी: नोकरी

सरळ सांगतो. पहिली नोकरी बहुतेकांना कंत्राटी मिळते, अकरा महिन्यांच्या करारावर. माझं पहिलं मानधन सहा हजार होतं आणि त्यातूनच गाडीचं पेट्रोल. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "एवढं शिकून हेच काय" हे वाक्य रोज ऐकावं लागतं.

वाटा मात्र बऱ्याच आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुपदेशक. जिल्हा बाल संरक्षण कक्ष. हिंसाचारग्रस्त बाईसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर. बचतगटांसाठी उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ). वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षक, हे पद कायम असतं, जाहिरात क्वचित निघते. मोठ्या कारखान्यात कायद्याप्रमाणे कल्याण अधिकारी ठेवावाच लागतो, म्हणून बुटीबोरी आणि चंद्रपूरच्या सिमेंटपट्ट्याकडे लक्ष ठेवा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी २०१३ च्या कायद्यापासून आला, त्यातूनही कामं निघतात. एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी होता येतं, पण त्या एकाच परीक्षेच्या भरवशावर चार वर्षं बसून राहू नका. एखादं वर्ष शिकत काम करायचं असेल तर एसबीआय यूथ फॉर इंडियासारखी १३ महिन्यांची फेलोशिप बघा.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत फिल्डवर्कची वही न्या. नावं झाकून दोन प्रकरणं निवडून ठेवा, एक जमलेलं आणि एक फसलेलं. आता मी स्वतः कधीकधी मुलाखत घ्यायला बसतो. "मला समाजाची सेवा करायची आहे" असं म्हणणारे वीस येतात. "तिथे मी चुकलो, कारण मी आधी सासूशी बोललो नाही" असं सांगणारा एखादाच असतो, आणि तो लगेच लक्षात राहतो.

आठवी पायरी: गाव सोडताना

हे पाठ्यक्रमात अर्ध्या पानात उरकतात. सत्र संपतं, परीक्षा लागतात आणि मुलं शेवटचे दोन दिवस सह्या गोळा करण्यात घालवतात. ते दोन दिवस घरोघरी जाण्यासाठी राखून ठेवा. महिनाभर आधीच सांगायला लागा, "काकू, एप्रिलपर्यंतच येणार आहे." कोणता अर्ज कोणत्या टेबलावर आहे, पोच पावतीचा क्रमांक काय, पुढे कोणाला विचारायचं, हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी लेकराकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. तीच माहिती पुढच्या विद्यार्थ्यासाठी कॉलेजात ठेवा. आणि शक्य असेल तर त्या नव्या मुलाला किंवा मुलीला एकदा सोबत घेऊन जा, म्हणजे काकूंना परत पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.